रंगपट्टी सापडली, पण कपडे एकमेकांवर जात नाहीत

प्रश्न थोडक्यात असा: रंगविश्लेषणात, म्हणजे चेहऱ्याला कोणते रंग शोभतात हे ठरवण्याच्या पद्धतीत, 'सॉफ्ट ऑटम' हा सीझन निघाला. (सीझन म्हणजे शोभणाऱ्या रंगांचा गट: स्प्रिंग आणि ऑटम उष्ण, समर आणि विंटर थंड. रंगपट्टी म्हणजे त्या गटातल्या रंगांचे नमुने.) त्या पट्टीवरून मोहरी, विटकरी, मोरपिशी, शेवाळी, अंजिरी अशा रंगांचे दहा-बारा कपडे घेतले. एकेकटा कपडा छान दिसतो, पण एकावर एक काही जात नाही. शेवटी हात काळ्या पँटकडेच वळतो. मोजक्या, एकमेकांवर जाणाऱ्या कपड्यांचं कॅप्सूल वॉर्डरोब करायचं तर सुरुवात कुठून?

रंगपट्टी एकाच गोष्टीचं उत्तर देते: हा रंग चेहऱ्याजवळ कसा दिसेल. दोन कपडे एकमेकांशेजारी कसे दिसतील, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. तुम्ही पट्टीतले डोळ्यांत भरणारे रंग आधी घेतलेत. बहुतेक जण तेच करतात. कोपऱ्यातले बदामी, खाकी, राखाडी चौकोन कोणी बघत नाही, आणि कॅप्सूल उभं राहतं ते त्यांच्याच जोरावर.

नवे कपडे पलंगावर शेजारी-शेजारी पसरा, फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. मोहरी जरा उजळ निघेल, पण विटकरी, मोरपिशी आणि शेवाळी जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसतील. तुमची अडचण नेमकी हीच आहे. रंग वेगळे, पण गडदपणा सारखा आणि जोरही सारखा. असे दोन कपडे वर-खाली घातले की नजर कुठे ठरत नाही, आणि तुम्हाला वाटतं, 'काहीतरी जुळत नाहीये'.

म्हणून आधी रंगाची तीन मापं वेगळी करून घ्या. अल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंग तीन अक्षांवर मांडले. पहिला अक्ष छटेचा, म्हणजे लाल, पिवळा, निळा. दुसरा उजळपणाचा, ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा. तिसरा तीव्रतेचा, म्हणजे रंग किती झळझळीत आणि किती मुरलेला (दबका). सीझनची पद्धत याच अक्षांवर चालते, फक्त छटेच्या जागी 'उष्ण की थंड', म्हणजे पिवळसर झाकेचा की निळसर, असं विचारते. बारा सीझनच्या पद्धतीत नावातला विशेषण-शब्द तुमचा मुख्य गुण सांगतो. 'सॉफ्ट' म्हणजे मुरलेपणा आधी, उष्णता नंतर. 'डीप' म्हणजे गडदपणा आधी. 'ब्राइट' म्हणजे झळाळी आधी. खरेदीत तडजोड करायची वेळ आली तर दुसरा गुण सोडा, पहिला सोडू नका. तुमच्या बाबतीत किंचित थंडाकडे झुकणारा पण मुरलेला रंग चालून जाईल. उष्ण पण भडक केशरी चालणार नाही.

सीझन कुणी फोटोवरून किंवा अ‍ॅपवरून सांगितला असेल, तर पैसे घालण्याआधी घरी एकदा पडताळून घ्या. ढगाळ दिवशी किंवा थेट ऊन न येणाऱ्या खिडकीसमोर, दुपारच्या आसपास आरसा ठेवा. भिंत रंगीत असेल तर तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो. मागे आणि बाजूला पांढरी चादर लावा. अंगावर राखाडी किंवा पांढरं कापड घ्या. केस रंगवलेले असतील तर झाका. चेहरा धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण चोळल्याने आलेली लाली निकाल बिघडवते. कापडं बिनचमकीची, निदान ५०-६० सेंटिमीटर रुंद आणि थेट हनुवटीखाली. हातरुमालाएवढ्या तुकड्यांनी काही कळत नाही.

घरच्या चाचण्या फसतात त्या तुलनेसाठी कापडांच्या जोड्या निवडताना. मोहरी आणि चिंतामणी निळा यांची तुलना केली तर तिन्ही मापं एकदम बदलली. कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही. जोडीत एकच माप बदलायला हवं. उष्ण-थंडसाठी शेंदरी झाकेचा लाल आणि निळसर झाकेचा लाल घ्या, दोन्ही सारखेच गडद. झळाळीसाठी राणी रंग आणि सुकलेल्या गुलाबपाकळीचा गुलाबी. गडदपणासाठी बदामी आणि चॉकलेटी. प्रत्येक जोडी चार-पाच वेळा अदलून-बदलून धरा आणि कापडाकडे पाहूच नका. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला, ओठांभोवती आणि जबड्याच्या रेषेवर पाहा. रंग चुकला की डोळ्यांखालची सावली गडद होते, त्वचा पिवळट किंवा राखट वाटते, ओठांचा रंग मावळतो. झळाळी चुकली की कापड आधी दिसतं आणि माणूस मागाहून.

हे होतं ते शेजारच्या रंगामुळे. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा रसायनतज्ज्ञ शेव्ह्रल यांच्या लक्षात आलं की रंगात खोट नाही, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसतोय. त्यांनी हा अभ्यास १८३९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्वचेचंही तसंच: कापड त्वचा बदलत नाही, आपण ती कशी पाहतो ते बदलतं.

मनगटाच्या नसा हिरव्या की निळ्या, ही चाचणी सोडून द्या. नसेचा दिसणारा रंग ती किती खोल आहे आणि त्वचेत प्रकाश कसा पसरतो यावर अवलंबून असतो, आणि तुम्ही कपडे मनगटाभोवती घालत नाही. फोनचा फोटोही रंगासाठी निरुपयोगी, कारण कॅमेरा पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) दर वेळी आपल्या मनाने बदलतो. उजळ-गडद बघायला मात्र कृष्णधवल फोटो उत्तम.

गव्हाळ, सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या व्यक्तींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. काळे केस, काळे डोळे म्हणजे 'विंटर' किंवा फार तर 'डीप ऑटम', असा सरसकट शिक्का मारायची जुनी सवय या क्षेत्रात आहे. सावळ्या त्वचेवरही झळझळीत रंग बेसूर आणि मुरलेले रंग सुरेख दिसू शकतात. केस-डोळ्यांवरून निकाल देऊ नका. झळाळीची जोडी धरून बघा.

तीन वेळा करूनही दोन सीझनमध्ये घोळ राहिला तर डोकं शिणवू नका. सॉफ्ट ऑटम आणि सॉफ्ट समर यांत मुरलेपणा सामाईक आहे. पक्का असलेला गुण धरा आणि पुढे चला. ही चाळणी आहे, रक्तगट नव्हे.

आता संख्या. कॅप्सूलमध्ये किती कपडे असावेत याचे ३३, ३७ असे आकडे सगळीकडे फिरतात. त्यांत जादू काही नाही. तुमचा आकडा कपडे किती दिवसांनी धुता यावरून ठरतो. आठवड्यातून एकदा धुणं असेल तर रोज बदलायचे सात टॉप आणि दोन-तीन जास्तीचे, म्हणजे दहा. खालचा कपडा दोन-तीनदा घालता येतो, म्हणून पाच पुरतात. वरून घालायचे तीन: एक जॅकेट, एक हलकं उघडं काहीतरी, एक ऊबदार. एकूण अठरा. आतले कपडे, झोपायचे, व्यायामाचे आणि समारंभाचे यात धरू नका. ते धरले की हिशेब फसतो.

दहा टॉप गुणिले पाच खालचे म्हणजे कागदावर ५० जोड्या. प्रत्येक टॉप पाच जोड्यांत येतो, पण प्रत्येक खालचा कपडा दहा जोड्यांत. म्हणजे न जुळणारा टॉप घेतला तर जास्तीत जास्त पाच जोड्या बुडतात, न जुळणारी पँट घेतली तर दहा. कंबरेखालचा कपडा चेहऱ्यापासून लांब असतो, म्हणून तिथे सीझन काटेकोर पाळायची गरज नाही, पण सगळ्यांशी जुळवून घेणं मात्र सगळ्यात जास्त तिथेच हवं. लोक बरोब्बर उलटं करतात: पट्टीतला लाडका विटकरी रंग पँटमध्ये घेतात आणि वर काय घालायचं म्हणून अडून बसतात.

तर पहिलं काम तीन आधाररंग ठरवणं: एक गडद, एक मधला, एक उजळ. सॉफ्ट ऑटमसाठी गडद म्हणजे चॉकलेटी किंवा काळपट शेवाळी, मधला म्हणजे खाकी किंवा मातकट करडा, उजळ म्हणजे मोतिया किंवा फिकट बदामी. इतरांनी आपापल्या पट्टीतून घ्यावेत. विंटरवाल्यांना काळा, कोळशासारखा करडा, नेव्ही ब्लू आणि शुभ्र पांढरा. समरवाल्यांना निळसर करडा, फिकट राखाडी, मऊ पांढरा. स्प्रिंगवाल्यांना उंटाच्या अंगाचा तपकिरी, साय-रंग आणि जरा उजळ नेव्ही. काळा सगळ्यांचा आधाररंग असतो हा समज दुकानांनी पसरवलेला आहे. विकायला तो सोपा, एवढंच.

आधाररंगांची आपसांत परीक्षा घ्या. 'न्यूट्रल' म्हटलं की सगळे एकमेकांशी जुळतात असं नाही. पिवळसर खाकीशेजारी गुलाबी झाकेचा बदामी ठेवला तर बदामी मळलेला दिसतो. तिन्ही कापडं पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. एखादं अचानक गुलाबी, हिरवट किंवा जांभळट दिसायला लागलं तर ते बाजूला काढा.

मग दोन मुख्य रंग आणि एक उठावाचा. तुमच्याकडे आधीच असलेल्यांतून मुरलेला मोरपिशी आणि विटकरी हे मुख्य, अंजिरी उठावाला. मोहरी पट्टीत असला तरी मुख्य रंगात घेऊ नका. तो सहज झळझळीत होतो, आणि एकाच आठवड्यात दोनदा घातला तर लक्षात राहतो.

अठरा कपड्यांची वाटणी साधारण अशी बसते. खालचे पाच: दोन गडद आधाररंगात, दोन मधल्या, एक उजळ. वरून घालायचे तीन: दोन आधाररंगात, एक मोरपिशी. टॉप दहा: चार उजळ किंवा मधल्या आधाररंगात, दोन मोरपिशी, दोन विटकरी, एक अंजिरी आणि एक छापील, ज्यात यांतले निदान तीन रंग आहेत. म्हणजे अकरा कपडे आधाररंगाचे. यादी वाचायला नीरस वाटते, पण या अकरांमुळेच उरलेले सात उठून दिसतात.

वर-खालच्या कपड्यांत उजळपणाचं अंतर किती ठेवायचं, हे चेहऱ्यावरून ठरतं. केस, त्वचा आणि डोळे यांच्यातला फरक कृष्णधवल फोटोत पाहा. फरक थोडा असेल तर ० ते १० च्या मापावर दोन ते चार पायऱ्यांचं अंतर पुरतं: खाकीवर मोतिया, चॉकलेटीवर विटकरी. फरक ठसठशीत असेल तर पाच किंवा जास्त. सॉफ्टवाल्यांनी काळ्यावर पांढरं घातलं की मधे माणूस हरवतो. ब्राइट विंटरवाल्यांनी राखाडीवर राखाडी घातलं की आजारी दिसतात.

सगळ्यात वाईट अंतर म्हणजे अर्धी पायरी. एक नेव्ही आणि दुसरा जवळपास तसाच नेव्ही, एक चॉकलेटी आणि दुसरा किंचित लालसर. जुळवायला गेले आणि चुकले, असं दिसतं. एकतर दोन्ही एकाच रंगाईच्या खेपेतले घ्या, नाहीतर उघड दोन पायऱ्यांचं अंतर ठेवा. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन कपडे बाहेर आल्यावर वेगळे दिसतात, यातही दुकानदाराची लबाडी असेलच असं नाही. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेली सारखी छटा एका प्रकाशात जुळते आणि दुसऱ्यात फुटते. कपडा दारापर्यंत नेऊन दिवसाच्या उजेडात बघणं हाच उपाय.

काळ्या कपड्यांचं काय? टाकू नका. काळी पँट, बूट, पट्टा, बॅग यांचा चेहऱ्याशी संबंध नाही. काळी पँट मोतिया टॉपखाली कापल्यासारखी दिसते, म्हणून तिच्यावर गडद मोरपिशी किंवा अंजिरी घाला, किंवा ज्याच्या छापात थोडा काळा आहे असा टॉप. काळा टॉप ठेवायचाच असेल तर खोल गळ्याचा ठेवा, म्हणजे मधे त्वचा येते, किंवा गळ्यात आपल्या रंगाचा स्कार्फ घ्या. बंद गळ्याचे काळे टॉप मात्र आधी बाहेर काढा. बाकीचे विटतील तसे चॉकलेटीने बदलत जा.

कापडाचा पोत रंगाइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तोच रंग सॅटिनवर लखलखतो, मखमलीवर खोल जातो, लिननवर मुरतो. सॉफ्टवाल्यांनी चमक टाळावी. पट्टीत बसणारा विटकरी सॅटिनमध्ये पट्टीबाहेर जाऊ शकतो. याउलट दोन-तीन छटांचे तंतू मिसळून कातलेलं मेलांज कापड, किंवा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेलं धूपछाव विणकाम तुमच्यासाठी सोनं आहे. लांबून दोन्ही रंग डोळ्यांत मिसळतात आणि आपोआप मुरलेले दिसतात. ब्राइटवाल्यांनी मेलांज टाळावं, त्याच कारणासाठी.

छापील कपडा दोन मीटरवरून डोळे किलकिले करून पाहा. तेव्हा जो एक रंग दिसतो तो त्या कपड्याचा खरा रंग. बारीक छाप मिसळून एकच रंग होतो, मोठा छाप सुटा राहतो. पांढऱ्यावर बारीक काळे ठिपके लांबून राखाडी दिसतात. त्यामुळे ते विंटरपेक्षा समरला जास्त मानवू शकतात. छापाची जमीन, म्हणजे मागचा रंग, तुमच्या तीन आधाररंगांपैकी असेल तर कपडा हमखास वापरला जातो.

खरेदीला लगेच निघू नका. आहेत त्याच कपड्यांतून अठरा उचला, बाकीचे डोळ्यांआड ठेवा आणि तीन आठवडे त्यांवर काढा. ज्या दिवशी अडाल त्या दिवशी काय हवं होतं ते लिहून ठेवा. त्या यादीत बहुधा उजळ टॉप आणि मधल्या रंगाची पँट येईल, सातवा मोरपिशी टॉप नव्हे. मग क्रम असा: आधी गडद पँट, मग मधली पँट, मग दोन उजळ टॉप, मग जॅकेट. रंगीत कपडे तुमच्याकडे आहेतच, ते सध्या बंद. नवा टॉप निदान तीन खालच्या कपड्यांवर गेला पाहिजे, नवी पँट दहापैकी सात टॉपखाली.

दुकानात नेण्यासाठी प्रत्येक आधाररंगाच्या कपड्याच्या दुमडीतून नखाएवढा तुकडा कापा आणि जाड कागदावर टाचा. रंग आठवणीत टिकत नाही. गडद तपकिरी म्हणून लक्षात ठेवलेला कपडा घरी पाहिला की वेगळाच निघू शकतो. ऑनलाइन खरेदीत 'ऑलिव्ह', 'रस्ट' या नावांवर विसंबू नका. कपडा आला की लेबल न काढता दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत तुकड्यांशेजारी धरा आणि मगच ठेवायचा की परत करायचा ते ठरवा.

धुलाईत बरीच मेहनत वाया जाते, विशेषतः उष्ण सीझनवाल्यांची. अनेक धुलाई पावडरींत पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात आणि सुती कापडावर साठत जातात. मोतिया टॉप काही धुण्यांनंतर निळसर पांढरा होतो आणि तुम्हाला वाटतं आपलाच रंग उतरला. मोतिया आणि बदामी कपड्यांसाठी अशी द्रव्यं नसलेली, रंगीत कपड्यांसाठीची पावडर वापरा, आणि नीळ तर अजिबात नको. शेवाळी, चॉकलेटी, मातकट करडा हे रंग बहुधा दोन-तीन रंगद्रव्यं मिसळून बनतात. त्यांतलं एखादं उन्हात आधी उडतं आणि शेवाळी पिवळट किंवा निळसर होत जातो. हे कपडे उलटे करून, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. जोडीने घेतलेलं जॅकेट आणि पँट असेल तर एकच कपडा मळला तरी दोन्ही एकत्र धुवा, नाहीतर वर्षभरात त्यांच्यात तीच अर्धी पायरी पडते.